उजव्या पायाचा बूट

१

व्हॅनचं मागचं दार वर करून फेर्मिन तसाच उभा राहिला. ढोल जागेवर होता. पाण्याच्या बाटल्यांचा खोका होता, हिरव्या टोप्यांची पिशवी होती. बॅनर मात्र नव्हता.

"मावशी, बॅनर तू खोलीत नेलास का गं?"

मावशी, म्हणजे दोन्या एलोदिया, तिच्या चालीने येत होती, गुडघ्यावर हात टेकत. तिने नुसतंच आत पाहिलं. काल संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने बॅनरची घडी घातली होती आणि ढोलाशेजारी ठेवून वर शाल पांघरली होती. शाल तिथेच होती, नीट घडी करून ठेवलेली.

"माझ्या शालीची घडी कोणी घातली?" तिने विचारलं, आणि मग ती तिथेच फिनिक्सच्या त्या तापलेल्या डांबरावर बसली. रडली नाही. दॉन निकानोरला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

न्याहारीपर्यंत सगळं ठीक होतं. मोटेलसमोर सिनालोआच्या एका बाईची खानावळ होती, तिथे पाचही जण एका टेबलावर बसले होते. सामना दुपारी होता. सामन्याच्या दिवशी एलोदियाचा उपास असायचा, तिने फक्त कॉफी घेतली. तिची धाकटी बहीण ब्रिखिदा गोड पाव कॉफीत बुडवून कुरतडत होती, तोही तिने अर्धा टाकला. ब्रिखिदाचा मुलगा फेर्मिन डॅलसला राहून राहून बिघडलेला, त्याने पाकात बुडवलेली धिरडी मागवली.

"हा माझा मुलगा!" ब्रिखिदा म्हणाली. "सकाळी सकाळी साखर खातो. उद्या ह्याला मुंग्या उचलून नेतील."

टीव्हीवर संघाची बस हॉटेलातून निघताना दाखवत होते आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळलेल्या होत्या. निकानोरने बीन्सवर चमचाभर चटणी घेतली असेल-नसेल, तेवढ्यात खानावळवाली दगडी वाटी पुन्हा भरायला आली. "चटणी आवडली वाटतं आमची," ती हसून म्हणाली. टेबलाच्या टोकाला बसलेला वेन्सेस नाक पुसत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"ह्याला सर्दी झाली बघा," एलोदिया म्हणाली. "खोलीतलं ते गार यंत्र बंद कर म्हणून सांगितलं होतं ना रे तुला?"

"होय, काकू," वेन्सेस म्हणाला.

मग सगळे हसत-बोलत रस्ता ओलांडून आले, आणि फेर्मिनने ते दार उघडलं.

एलोदियाने डांबरावर बसल्या बसल्या वर पाहिलं. "दॉन निका, तुम्ही जन्मभर हरवलेलं शोधत आलात. माझा बॅनर शोधून द्या. दुपारच्या आत."

२

दॉन निकानोरची सगळी नोकरी फ्रेस्नियो शहरात गुन्हे तपासण्यात गेली होती. हरवलेल्या माणसांचे तपास त्याच्याकडे यायचे. त्याला सापडलेली माणसं थोडी, जिवंत सापडलेली त्याहून थोडी. निवृत्त झाल्यावर त्याने ठरवलं होतं की आता आयुष्यात फक्त फुटबॉल बघायचा, कारण तिथे काय झालं ते निदान शेवटी कळतं.

साकातेकास प्रांतातलं लोमा सेका हे त्याचं गाव, आणि एलोदिया त्याची शेजारीण. तिचा एकुलता एक मुलगा अमादोर अकरा वर्षांपूर्वी वेन्सेसबरोबर उत्तरेला निघाला, सरहद्द ओलांडून, वाळवंटातून, चोरवाटेने. काही महिन्यांनी वेन्सेस एकटाच परत आला. अमादोर दुसऱ्या टोळीबरोबर पुढे गेला, असं त्याने सांगितलं. त्यानंतर अमादोरचा ना फोन आला, ना पत्र. तेव्हापासून वेन्सेसच एलोदियाचं छप्पर शाकारतो, गॅसची टाकी आणून देतो, सणाला तिच्याकडे जेवतो. त्याने लग्न केलं नाही. गावात सगळे म्हणतात, पोटचा पोर करणार नाही इतकं हा करतो.

यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या संघाचे सामने उत्तरेच्या शहरांत ठरले तेव्हा एलोदियाच्या डोक्यात एक कल्पना आली. अमादोर असेल तिथून सामना बघणारच. लहानपणी ताप असला तरी तो सामना सोडायचा नाही. मग आपण प्रत्येक शहरात जायचं, गोलाच्या मागे बसायचं आणि त्याला दिसेल असा बॅनर लावायचा. दोन चादरी जोडून गावच्या बायकांनी तो शिवला. वर लोमा सेकाचं नाव आणि खाली मोठ्या हिरव्या अक्षरांत: अमादोर, तुझी आई इथे आहे.

कोपऱ्यात एलोदियाने एक बूट शिवला होता. पांढऱ्या चामड्याचा, अमादोर पहिल्यांदा चालला तेव्हाचा. प्लातेरोसच्या देवळातल्या बाळसंताला बूट वाहतात, कारण तो रोज रात्री वाटसरूंना सांभाळायला वणवण फिरतो आणि त्याचे बूट झिजतात. अमादोर निघाला त्या दिवशीच तिने हा बूट त्याच्या नावाने नवस म्हणून बोलला होता. पोरगा सुखरूप भेटला की नेऊन वाहायचा. तो उजव्या पायाचा होता. डावा तिने घरी कपाटात, कपड्यांच्या घडीत ठेवून घेतला होता. "माझ्याजवळही काहीतरी राहू दे," असं ती म्हणायची.

डॅलसला पहिला सामना झाला आणि टीव्हीवाल्यांनी बॅनर दाखवला. दुसरा सामना ह्यूस्टनला. तिथे एक अनोळखी बाई गर्दीतून वाट काढत एलोदियापाशी आली. तिचा नवरा फिनिक्सला घरांची छपरं घालायच्या कामावर होता. त्याच्याबरोबर दुरांगो प्रांतातला एक माणूस काम करायचा. त्याने टीव्हीवर बॅनर पाहिला आणि तो मटकन खाली बसला. "त्याने निरोप दिलाय," बाई म्हणाली. "मी अमादोरबरोबर चाललो होतो. त्याच्या आईला म्हणावं, फिनिक्सच्या सामन्यात मध्यंतराला बॅनरखाली उभी राहा, मी येतो. सगळं सांगतो."

तेवढ्यात आपल्या संघाने गोल केला. झालं! अख्खी गॅलरी उसळली. निकानोरने उडी मारली, ब्रिखिदाने मारली, खुद्द एलोदियासुद्धा हात वर करून ओरडली. भानावर येऊन बघतात तो बाई गर्दीत कुठल्या कुठे गेली होती. नाव नाही, नंबर नाही. असा अडाणीपणा फुटबॉलच्या वेडापायीच होऊ शकतो, आणि निकानोर त्याबद्दल स्वतःला रोज शिव्या देत होता.

म्हणजे आता त्या माणसाला एलोदिया सापडायची तर बॅनरच हवा होता. हजारो हिरव्या सदऱ्यांमध्ये एक म्हातारी तो कशी ओळखणार?

३

निकानोरने आधी दार पाहिलं. त्याचं कुलूप डॅलसपासूनच मोडलेलं होतं आणि ते तारेने बांधत असत. बाहेरचा चोर असता तर त्याने ढोल नेला असता, नाहीतर निदान टोप्या. दोन जुन्या चादरींसाठी शालीची घडी घालत कोण बसेल?

"घरचंच कोणीतरी आहे," तो पुटपुटला. हे म्हणताना त्याला स्वतःचाच राग आला. ही माणसं आठवडे न् आठवडे एका व्हॅनमध्ये एकमेकांच्या घामाचा वास घेत आली होती. वास म्हणजे खरोखरच वास. पहिला सामना जिंकल्यापासून कोणी काही बदलायचं नाही, असा त्यांचा नेम होता. निकानोरने तेव्हापासून मोजे धुतले नव्हते. फेर्मिनने त्या दिवशी चुकून सदरा उलटा घातला होता, म्हणून तो प्रत्येक सामन्याला उलटाच सदरा घालायचा. ब्रिखिदा केस विंचरत नव्हती. वेन्सेसने तर कहर केला होता. पहिल्या दिवशी त्याच्या टाकोवर चटणी घालायची राहिली आणि संघ जिंकला, म्हणून स्पर्धेत हरेपर्यंत त्याने मिरची सोडली होती. साकातेकासचा माणूस आणि मिरचीशिवाय! जेवताना त्याचं तोंड बघून सगळे पोट धरून हसायचे. बॅनरची घडी फक्त एलोदियाने घालायची, हाही त्याच नेमाचा भाग होता.

पहिला फेर्मिन. तो व्हॅनच्या सावलीत उलट्या सदऱ्यात उभा होता आणि नजर चुकवत होता.

"पहाटे तू खाली आला होतास. मला दार वाजलेलं ऐकू आलं," निकानोर म्हणाला.

"फोन करायला आलो होतो."

"कोणाला?"

"दॉन निका, आईला सांगू नका. मी कंबर धरून बिछान्यात पडलोय."

"अं?"

"म्हणजे मुकादमाला मी तसं कळवलंय. कंबर गेली, हलता येत नाही. आणि त्या टीव्हीवाल्यांनी बॅनरशेजारी मला नाचताना दाखवलं! मुकादम म्हणतो, कंबर छान हलते की तुझी."

निकानोरला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. "म्हणजे बॅनर नसता तर बरं झालं असतं."

"बरं झालं असतं, खरं आहे. मी मावशीला म्हणालोही होतो, जरा बाजूला लाव. पण तिचा बॅनर चोरीन? मी तिच्या हातचं खाऊन वाढलोय." त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "फोन करताना एक गोष्ट पाहिली. सांगणार नव्हतो."

"सांग."

"मागच्या कचरापेटीपाशी आई उभी होती. कचऱ्याची गाडी निघून गेली तरी तिथेच होती. हलतच नव्हती."

४

ब्रिखिदा खोलीत पलंगावर बसली होती. निकानोर दारात आल्यावर तिने त्याला बस म्हटलं नाही.

"फेर्मिनने सांगितलं वाटतं. मेल्याच्या पोटात काही राहत नाही."

"काय पाहिलंस, ब्रिखिदा?"

"कागदी ताटल्या टाकायला गेले होते. तेवढ्यात गाडी आली. गाडीने पेटी उचलली, उलटी केली, आणि कचऱ्यात मला हिरवी अक्षरं दिसली. आपल्या हातांनी रंगवलेली अक्षरं ओळखायला येतात हो." तिने विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. "ओरडले असते तर ड्रायव्हर थांबला असता. समोरच होता, हाताच्या अंतरावर."

"मग?"

"नाही ओरडले."

निकानोरने टोपी काढून हातात घेतली.

"अकरा वर्षं, दॉन निका! दाराशी कुत्रं भुंकलं तरी ती उठून बसते. त्याची थाळी मांडते. मला वाटलं, देवानेच हात घातला, संपू दे एकदाचं. त्या दुरांगोच्या माणसाकडे चांगली बातमी आहे असं तुम्हाला वाटतं? चांगली बातमी असती तर अमादोर स्वतः आला असता."

"पेटीत टाकला कोणी?"

"नाही पाहिलं. बाळसंताची शपथ. आणि ऐका, मी टाकला असता तर बूट काढून ठेवला असता. बोललेला बूट आहे तो. कचऱ्यात टाकायची कोणाची हिंमत होईल?"

निकानोर दारापाशी थबकला. "बूट तुला दिसला?"

"चादर कोपऱ्यापासून उलगडलेली होती. बुटाची जागा मोकळी होती. नुसते दोरे होते."

५

म्हणजे बॅनर गेलाच होता. आता फिनिक्सच्या कुठल्या उकिरड्यावर तो पडला असेल ते देव जाणे. पण बूट कोणाकडे तरी होता, आणि ज्याच्याकडे होता त्याने दोरे एकेक करून सोडवले होते.

निकानोर पुन्हा खानावळीत जाऊन बसला. विचार करायला त्याला चारचौघांचा गोंगाट लागायचा. खानावळ हिरव्या सदऱ्यांनी भरली होती. मालकिणीने न विचारता कॉफी आणून ठेवली, आणि तिच्याबरोबर चटणीची दगडी वाटी.

"नको, वाटी राहू दे," तो म्हणाला.

"का? सकाळी तर दोनदा भरली तुमच्या टेबलावर. पहिली वाटी पार चाटूनपुसून संपवलीत."

निकानोरने कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

एलोदियाचा उपास होता. ब्रिखिदाने कॉफीत बुडवून पाव खाल्ला. फेर्मिनने पाकातली धिरडी. स्वतः त्याने चमचाभर. मग वाटी कोणी संपवली? टेबलाच्या टोकाला जो नाक पुसत होता, ज्याला घाम फुटला होता, ज्याला सगळ्यांनी सर्दी झाली म्हणून सोडून दिलं होतं.

वेन्सेसने मिरची खाल्ली होती, तीही सामन्याच्या दिवशी. हे म्हणजे पाद्रीबुवांनी भर प्रार्थनेत शीळ घालण्यासारखं होतं. ज्या माणसाने डॅलसहून ह्यूस्टन, ह्यूस्टनहून सारं टेक्सास ओलांडून इथपर्यंत नुसत्या मिठावर रोटी खाल्ली, त्याने आजच नेम का मोडावा? नेम माणूस कधी मोडतो? आता तो पाळून उपयोग नाही, हे कळल्यावर. बॅनर गेला म्हणजे शकुन गेला, संघ हरणार, मग मिरचीनेच काय बिघडणार आहे?

पण व्हॅनचं दार न्याहारीनंतर उघडलं होतं. न्याहारीच्या वेळी शकुन मोडल्याचं फक्त ब्रिखिदाला ठाऊक होतं, आणि ज्याने तो मोडला त्याला.

निकानोरला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवू नये असं त्याला फार वाटलं. न्यू मेक्सिको ओलांडून ते ॲरिझोनाच्या वाळवंटात शिरले तेव्हा एलोदिया खिडकीला नाक लावून बसली होती. वेन्सेस पुढे होऊन म्हणाला होता, काकू, ऊन लागेल. आणि त्याने पडदा ओढला होता. तेव्हा निकानोरला वाटलं होतं, किती जपतो हा तिला.

६

वेन्सेस मोटेलमागे भिंतीच्या सावलीत ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला होता.

"सर्दी कशी आहे?" निकानोरने विचारलं.

"बरी आहे."

"मिरचीने मोकळी झाली असेल."

वेन्सेसचे हात थांबले. निकानोर त्याच्यासमोर उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले.

"बूट कुठाय, वेन्सेस?"

वेन्सेसचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला, आणि मग हात तिथे गेला हे त्याच्या लक्षात आलं. त्याने डोळे मिटले. मग त्याने तो बूट काढून ढोलावर ठेवला. ओंजळीत मावेल एवढासा, टाच झिजलेला.

"हा टाकवेना," तो म्हणाला. "बाकीचं टाकलं. हा नाही टाकवला."

"दुरांगोचा माणूस तुला ओळखतो."

"आम्ही तिघं होतो. वाटाड्या पहिल्याच रात्री पळाला. पुढे एका घळीत अमादोरचा पाय मुरगळला, हाडच मोडलं बहुतेक. पाण्याचा एक डबा उरला होता. मी म्हणालो, मी जातो, मदत आणतो. चालायला ताकद लागेल, म्हणून डबा घेतला." तो ढोलाच्या चामड्याकडे बघत बोलत होता. "दुरांगोवाला म्हणाला, मी ह्याच्यापाशी थांबतो. तो ओळखीचा ना पाळखीचा. तो थांबला, दॉन निका. आणि मी गेलो."

"मदत आणलीस?"

"रस्ता लागला. गाड्या जात होत्या. एकही थांबवली नाही. पकडतील, परत पाठवतील, एवढंच डोक्यात होतं. पुढच्या गाडीला हात करू, पुढच्या गाडीला करू, असं करता करता तिकडचं एक गावच आलं." त्याने नाक पुसलं, आणि या वेळी मिरची नव्हती. "काही महिन्यांनी घरी परतलो तर काकू दारातच उभी. तिने माझा चेहरा हातात धरून विचारलं, अमादोर कुठाय? तोंडातून निघून गेलं, पुढे गेला. ते एकदा निघालं ते निघालं."

निकानोरला त्याला मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्या छपराची, त्या गॅसच्या टाक्यांची आठवण आली, आणि त्याचा हात उठला नाही.

"तुला काय वाटलं, तू फक्त तुझी अब्रू कचऱ्यात टाकलीस?" तो म्हणाला. "अरे गाढवा, तो माणूस शेवटपर्यंत थांबला होता. अमादोर कुठे पडलाय ते अख्ख्या जगात त्या एकट्याला ठाऊक आहे. तो तिला तेच सांगायला येत होता. तिला तिचा मुलगा मिळणार होता, निदान मूठभर हाडं. तेवढंही तू कचऱ्यात टाकलंस."

हे वेन्सेसच्या डोक्यात आलंच नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"मध्यंतरापर्यंत वाट बघू," निकानोर उठत म्हणाला. "तो आला तर तो सांगेल. नाही आला तर तू सांगायचंस. मी नाही सांगणार. हा बूटही तूच द्यायचास."

७

ब्रिखिदाने मोटेलची चादर ओढून काढली आणि स्वतःच्या लिपस्टिकने तिच्यावर अमादोरचं नाव लिहिलं. लिहिता लिहिता ती रडत होती आणि शिव्या देत होती, कोणाला ते तिलाच ठाऊक. फेर्मिन टीव्हीवाल्यांच्या गाडीकडे धावला. त्यांना नाचणारी माणसं हवी होती, ती समोर भरपूर होती. आज वेळ नाही, म्हणाले.

स्टेडियम हिरवंगार झालं होतं. गोलाच्या मागे त्यांनी चादर कठड्यावर टाकली. लाल अक्षरं चार ओळी वरून वाचता येत नव्हती. थोड्याच वेळात दोन रखवालदार आले, खालची जाहिरात झाकली जाते म्हणाले आणि चादर गुंडाळून घेऊन गेले. अगदी नम्रपणे.

मध्यंतर झालं. एलोदिया बाकावर चढून उभी राहिली. निकानोरने तिला एका बाजूने धरलं, फेर्मिनने दुसऱ्या. तिने शाल सोडून हवेत धरली आणि हलवत राहिली. चहूकडे शेकडो शाली, झेंडे, सदरे हलत होते. एक काटकुळा, उन्हाने रापलेला माणूस खालच्या पायऱ्यांवरून वर बघत चालला होता, एकेका बॅनरपाशी थांबत, वाचत. निकानोरने त्याला पाहिलं आणि घसा फोडून हाक मारली, "दुरांगो! ए दुरांगो!" शेजारच्या पोरांना तो जयघोषच वाटला. त्यांनीही आनंदाने दुरांगो दुरांगो ओरडायला सुरुवात केली, मग वरच्या गॅलरीने, मग पलीकडच्या. फेर्मिन पायऱ्या उतरत, माणसं ढकलत धावला. तो खाली पोचला तेव्हा तिथे पॉपकॉर्न विकणारी एक बाई होती आणि बाकी सगळे हिरवे सदरे.

"तोच होता का?" एलोदियाने विचारलं.

"माहीत नाही," निकानोर म्हणाला. खरंच माहीत नव्हतं, आणि आता कधी कळणारही नव्हतं.

ती खाली बसली. वेन्सेस तिच्या पायाशी पायरीवर येऊन बसला. त्याने बूट तिच्या मांडीवर ठेवला आणि बोलायला लागला. खेळाडू पुन्हा मैदानात आले, लोक उभे राहिले, आणि त्या उभ्या माणसांच्या रानात ते दोघेच खाली बसलेले होते. निकानोरला शब्द ऐकू येत नव्हते. एलोदियाचा चेहरा तेवढा दिसत होता. तो बदलला नाही. ती बाजारात भाव ऐकावा तशी मान किंचित वाकडी करून ऐकत होती.

वेन्सेसचं बोलून झालं. त्याने डोकं तिच्या गुडघ्यांवर टेकलं. तिने त्याला ढकललं नाही, आणि त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

"कुठला पाय?" तिने विचारलं.

"काय, काकू?"

"मोडला तो. कुठला?"

"डावा."

तेवढ्यात आपल्या संघाने गोल केला. नंतर आणखी एक केला, आणि मग तिसरा. ना बॅनर होता, ना मिरचीचा नेम, तरी इतका सुंदर खेळ संघाने साऱ्या स्पर्धेत केला नव्हता. अनोळखी माणसं निकानोरच्या गळ्यात पडत होती. कोणीतरी वाकून एलोदियाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "आजी, रडू नका, आपण जिंकलो! आता लॉस एंजेलिस!"

गॅलरी रिकामी झाली तरी ती उठेना. सफाईवाले खालून झाडत वर येत होते. ब्रिखिदा तिच्याशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेऊ लागली, पण दोन्ही हात बुटात गुंतलेले होते.

"दॉन निका," एलोदिया म्हणाली, "मी त्याच्या नावाने उजवाच बोलले होते. डावा मी ठेवून घेतला."